माशांचं उद्यापन

शुगर लँड, टेक्सस
२८ मे २०२५

वन्सं,

साष्टांग नमस्काराचे दिवस आपल्या दोघींचेही गेले. वाकले तर उठवायला तुमच्या भावाला बोलवावं लागेल. तेव्हा खुर्चीत बसूनच नमस्कार. फोन केला की तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मग रुचा मध्ये उभी राहून माझं बोलणं तुम्हाला ओरडून सांगते. आज जे सांगायचं आहे ते तुमच्या सुनेने ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

गेली चार वर्षं मी मासे पकडते.

पत्र टाकून देऊ नका, पुढे वाचा. आमच्या शेजारी लोरेटा राहते. शाळेची बस चालवायची, आता रिटायर झाली. तिचा नवरा गेला तेव्हा त्याची ॲल्युमिनियमची होडी विकायला म्हणून ड्राइव्हवेत आणून ठेवली होती. मी म्हटलं, विकायच्या आधी मला एकदा बसव. बसवलं, आणि होडी काही विकली गेली नाही. आता दर शनिवारी उजाडताना आम्ही दोघी दीड तास ड्राइव्ह करून तळ्यावर जातो. मी मासेमारीचं रीतसर लायसन्स काढलंय. प्रल्हादला सगळं ठाऊक आहे. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मात्र तो सांगतो की सुनेत्रा शनिवारी योगाला जाते.

आम्ही पकडतो तो मासा म्हणजे बास. हिरवा, अंगावर काळा पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की माझी मूठ आत जाईल. त्यातल्या मोठ्या सगळ्या माद्याच असतात, असं लोरेटा म्हणते. मोठ्या तोंडाच्या सगळ्या बायकाच, हे ती म्हणते, मी नाही. मासा वर आला की त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरायचा, गळ काढायचा, लांबी मोजायची आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. लोरेटाने तीस वर्षांत एकही बास घरी नेलेला नाही. खायचा तर कॅटफिश, बास सोडून द्यायचा, हा तिचा नियम. म्हणजे माझा शब्द अजून शाबूत आहे, काळजी नको.

त्या शब्दाबद्दलच लिहिते आहे. १९८० साली आमच्या साखरपुड्याच्या दिवशी गिरगावातल्या हॉलच्या मागच्या खोलीत तुम्ही माझा हात हातात घेऊन म्हणाला होतात, "आईची एकच अट आहे. आमची झालीस की मासे सोडायचे. इथे, तिथे, कुठेच नाही." मी शब्द दिला आणि पंचेचाळीस वर्षं पाळला. आता तो मला परत हवा आहे. सासूबाई गेल्या. शब्द तुमच्या हातात दिला होता, तेव्हा सोडवायचा तर तुम्हीच. मला मी पकडलेला एक मासा खायचा आहे. एकच. तुम्ही हो म्हणा.

तुमची,
सुनेत्रा


कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१२ जून २०२५

सुनेत्रा,

तुला भरपूर आशीर्वाद, पण रागावून. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

सत्तरीला टेकल्यावर माणसाची जीभ सुटते हे ऐकून होते. ती मासे मागते हे नव्हतं ऐकलं. आणि हा कुठला खेळ गं? पकडायचा, टेप लावून मोजायचा आणि सोडायचा. मुक्या जिवाला गळ टोचायचा, आणि वर सोडल्याचं पुण्यही घ्यायचं. खाणाऱ्याचं निदान पोट तरी भरतं. लोरेटाबाईला विचार, त्या माशाला काय वाटत असेल.

तू शब्द आईला दिलास. मी नुसती मध्ये होते. मधल्या माणसाला सोडवायचा काय अधिकार? आई असती तर तिला विचारलं असतं. त्या दिवसाचं मला आता नीट आठवतही नाही. साड्यांची आवराआवर चालली होती आणि मुलगा कडेवर होता. माझ्या म्हातारपणी माझ्या डोक्यावर हे कशाला ठेवतेस?

आणि एवढी वर्षं काही वाटलं नाही ते आजच का आठवलं? तुझ्या लेकीने, इलाने, डोक्यात भरवलं असेल. तिला तर सगळंच चालतं. प्रल्हादच्या पानाला मात्र हात लावू नकोस. त्याने जन्मात कधी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही.

इथे उकाडा आहे. रुचा आणि आमचा मुलगा दोघं सकाळी आपापल्या गाड्या घेऊन जातात ते सातला येतात. तोवर मी आणि टीव्ही. त्याचा आवाज मला येत नाही, म्हणून तो बरा वाटतो. पत्र लिहीत जा, पण माशांचं सोडून.

शोभा


शुगर लँड
२५ जून २०२५

वन्सं,

माशांचं सोडून लिहायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही. रागावलात तरी चालेल.

हा कसला खेळ, असं तुम्ही विचारलंत. आमचं तळं म्हणजे धरणाचं पाणी. ते भरलं तेव्हा खाली आख्खं रान बुडालं. आता पाण्यात नुसती खोडं उभी आहेत, आणि बास त्या खोडांच्या सावलीला बसून असतो. गळाला रबरी किडा लावून तो खोडाच्या बुडाशी नेमका सोडायचा आणि गप्प राहायचं. किड्याला त्याने तोंड लावलं की दोरीतून हाताला हलकी टकटक लागते. मी टेक्ससला आले तेव्हापासून गप्प बसण्यापलीकडे मला काही येत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. लोरेटा म्हणते, माझ्यासारखा हात तिने पाहिला नाही. पहिल्या वर्षीच सात पौंडांचा काढला मी. तिने फोटो काढला, आणि मी मासा सोडला.

बासच्या दातांनी अंगठ्याचं साल निघतं. चार वर्षं माझा उजवा अंगठा खरखरीत आहे. मंडळात बायकांनी विचारलं तर किसणी लागली म्हणून सांगते.

आता खरं सांगते. मासा सोडल्यावर मी हात धूत नाही. परतीच्या गाडीत दीड तास हात मांडीवर ठेवून बसते. त्या वासात मला आमचं गिरगावचं स्वयंपाकघर दिसतं. आई माशांच्या कालवणाला तिरफळं ठेचते आहे आणि बाबा ऑफिसला जायच्या घाईत पाटावर बसले आहेत. घरी आले की साबणाने दोनदा हात धुते आणि तुमच्या भावाला वरणभात वाढते.

तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. लग्नानंतर मी माहेरी जायचे तेव्हा बाबा त्या दिवसांत घरात मासा आणत नसत. मुलगी समोर वरण खाते आणि मी बांगडा खाऊ, हे त्यांना जमत नव्हतं. शेवटच्या आजारपणात मी महिनाभर त्यांच्यापाशी होते. तो महिनाही त्यांनी भाजीभाकरीवर काढला. आई मला म्हणायची, तू जाऊन ये कुठेतरी दोन दिवस, म्हणजे मी त्यांना एकदा करून घालीन. मी गेले नाही. मला कळायला हवं होतं.

तेव्हा वन्सं, मला हे लपूनछपून नको आहे. लपून खायचं असतं तर पंचेचाळीस वर्षांत हजार वेळा खाल्लं असतं. शब्द नीट परत द्या, म्हणजे मी पाट मांडून खाईन. डॉक्टरसुद्धा म्हणतात, मनाला येईल ते खा. मागच्या वर्षी हेच डॉक्टर मीठ मोजून खायला लावत होते.

सुनेत्रा


कॅरी
१४ जुलै २०२५

सुनेत्रा,

डॉक्टर खायला सांगतात म्हणजे तुझी प्रकृती ठणठणीत आहे, हे वाचून बरं वाटलं. माझे डॉक्टर अजून एकेक पदार्थ काढूनच घेताहेत.

तुझ्या वडलांचं वाचलं. त्यानंतर आठ दिवस पत्र लिहायला बसत होते आणि उठत होते. शेवटी रुचाला म्हटलं, देवळात ने. इथले गुरुजी तरुण आहेत, सोम ते शुक्र कंप्युटरवर बसतात आणि शनिवार-रविवार सोवळं नेसतात, पण पोथीला पक्के. त्यांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, समजून उमजून धरलेला नेम हा व्रतासारखाच. तो असा मध्येच टाकायचा नसतो, त्याचं उद्यापन करायचं. पाच सवाष्णी जेवू घालायच्या, ओटी भरायची, देवाला सांगायचं की एवढं माझ्याच्याने झालं, आता मोकळी कर. मग काही दोष नाही.

बघ, असा मार्ग निघाला. मलाही हायसं वाटलं. फक्त चातुर्मास लागला आहे, तेव्हा आता उद्यापन नको म्हणाले. कार्तिकी एकादशी झाली की कधीही. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते. मी स्वतः तिकडे येईन. रुचा विमानात व्हीलचेअर सांगेल. तुझी ओटी मी भरीन आणि मग तू खुशाल तुझी ती मोठ्या तोंडाची खा. मी दुसऱ्या खोलीत बसेन, नाकाला पदर लावून.

पंचेचाळीस वर्षं थांबलीस, आता चार महिन्यांनी काय होतं?

शोभा


शुगर लँड
३० जुलै २०२५

वन्सं,

अक्षराला हसू नका, पेन बरोबर चालत नाही.

तुम्ही गुरुजींकडे जाऊन आलात हे वाचून मला रडू आलं. माझ्यासाठी एवढं कराल असं वाटलं नव्हतं. लोरेटाला उद्यापन समजावून सांगताना तासभर गेला. ती म्हणाली, सवाष्णी नसल्या तर माझ्या चर्चमधल्या पाच जणी आणते, जेवायला त्या कधी नाही म्हणत नाहीत. तेव्हा ती सोय झाली.

कार्तिक चांगलाच. तेव्हा पाणी निवतं आणि बास खोलातून काठाजवळ येतो. सध्या उन्हाने पाणी इतकं तापलंय की हात घातला तर आंघोळीचं वाटतं. मी थांबते. तुम्ही या मात्र नक्की.

सुनेत्रा

(याच पाकिटात, दुसऱ्या कागदावर)

ताई,

हे सुनेत्राच्या नकळत घालतो आहे. तिला फेब्रुवारीत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. मे महिन्यात उपचार थांबवले, कारण उपयोग नव्हता. इलाला आणि मला तिने शपथ घातली की तुला सांगायचं नाही. आजारी आहे म्हणून दया करून दिलेला होकार तिला नको होता. तिला वाटत होतं, शब्द तू शब्दासारखा परत करावास.

डॉक्टर कार्तिकाचं नाव घेत नाहीत. गणपतीपर्यंत म्हणतात.

प्रल्हाद


कॅरी
६ ऑगस्ट २०२५

सुनेत्रा,

तुमचं पाकीट काल मिळालं. काल लगेच रुचाकडून प्रल्हादच्या फोनवर निरोप धाडला तो पोचला असेल. तू मोकळी आहेस. उद्यापन नको, कार्तिक नको, काही नको. आज खा.

निरोपात लिहिता आलं नाही ते आता लिहिते. कुणाला वाचायला देऊ नकोस असं म्हणणार होते. पण दे. प्रल्हादलाही दे.

साखरपुड्याच्या दिवसाचं मला नीट आठवत नाही, असं मी लिहिलं होतं. मला सगळं आठवतं. तू मोतिया रंगाची साडी नेसली होतीस. आईने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "शोभा, त्या मुलीला सांग, माझ्या स्वयंपाकघरात मासा शिजायचा नाही, एवढंच. माहेरी खाऊ दे. अमेरिकेत तिचा संसार तिचा. जन्मभराचं खाणं मी कशी तोडू?" हे आईचे शब्द. मी मागच्या खोलीत आले, तुझा हात धरला आणि त्यातला निम्मा निरोप गिळला.

का गिळला, ते पंचेचाळीस वर्षं स्वतःला विचारते आहे. माझं लग्न झालं तेव्हा मी मिरजेच्या शाळेत गणित शिकवत होते. सासरचे म्हणाले, नोकरी सोडायची. माझ्यासाठी कुणी ती अट निम्म्यावर आणली नाही. आईनेसुद्धा नाही. त्याच आईने तुझ्यासाठी इतका विचार केला, तू घरात यायच्याही आधी, तेव्हा मला तुझा हेवा वाटला. वाटलं, हिलाही काहीतरी पुरतं सोडू दे. एका मिनिटाचा विचार होता तो. पुढे तू इतकी निमूट पाळत गेलीस की मला सांगायला तोंड उरलं नाही.

आई जाईपर्यंत मला विचारायची, सुनेत्रा तिकडे खाते ना गं मासे? मी हो म्हणायचे. तुझ्या वडलांनी महिनाभर भाजीभाकरी खाल्ली, ती आईमुळे नव्हे, माझ्यामुळे. आणि आता तू एक घास मागितलास तर मी तुला पंचांग दाखवलं.

क्षमा मागायचीही मला लाज वाटते. एवढंच सांगते, शब्द तू कधी देणंच लागत नव्हतीस.

शोभा


शुगर लँड
१८ ऑगस्ट २०२५

वन्सं,

हळूहळू लिहिते आहे, दोन दिवस लागतील. तुमच्या भावाने पाकिटात चिठ्ठी घातली होती ते कळलं, तेव्हा आता पेनाला दोष देत नाही.

तुमचा निरोप आल्यावरच्या शनिवारी लोरेटाने मला उचलूनच होडीत बसवलं. इलाने उशी दिली, प्रल्हाद काठावर छत्री धरून उभा. मी तिला सांगितलं, आज सोडायचा नाही. मला वाटलं ती कुरकुर करेल, तिचा तीस वर्षांचा नियम. ती म्हणाली, "हनी, रूल माझाच आहे. मीच मोडते." आणि बर्फाची पेटी उघडून ठेवली.

तीन तासांत एकच लागला. सतरा इंचांचा. दोरी मला ओढवेना, तेव्हा लोरेटाने मागून माझी कोपरं धरली, पण रीळ मीच फिरवलं. तळ्याकाठी मासे साफ करायला ओटा आहे. ती त्याचं मांस सोलून काटे फेकायला निघाली होती, तेव्हा मी ओरडलेच. आमच्याकडे मधल्या काट्यासकट तुकड्या करतात, बाई.

घरी मी सोफ्यावरून सांगत गेले आणि तुमच्या भावाने कालवण केलं. नारळ वाटला, मिरच्या भिजवल्या, आणि तिरफळं इलाने कुठून तरी मागवली होती ती घातली. छान झालं होतं, वन्सं. तिखट जरा पुढे होतं आणि तिरफळाचा वास बेताचा. गोड्या पाण्याचा मासा म्हणून चवीला थोडा मवाळ, पण मांस घट्ट आणि काट्यापासून अलगद सुटणारं. मी पाट मांडून बसू शकले नाही, तेवढं राहिलं. पण खाल्लं.

तुमचं मोठं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. राग आला. खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी बाबांचं ताट डोळ्यांसमोरून काढू शकले नाही. मग विचार केला, या बाईने हे न लिहिताही चाललं असतं. मला कधी कळलं नसतं आणि तुम्ही सुखाने माझ्या तेराव्याला जेवला असतात. तुम्ही लिहिलंत. एका मिनिटाचा विचार होता म्हणालात, त्याची सजा तुम्हीही माझ्याइतकीच वर्षं भोगलीत. आता दोघीही सुटलो असं समजा. तुम्हाला गणित शिकवायला मिळायला हवं होतं.

मी पोटभर खाल्लं आहे. मनात काही ठेवू नका.

सुनेत्रा


कॅरी
२६ ऑगस्ट २०२५

सुनेत्रा,

तुझं पत्र उशाशी ठेवून काल दुपारी झोपले ती संध्याकाळीच उठले. इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. रुचा घाबरून नाकाशी बोट धरून बघत होती.

तिखट जरा पुढे होतं, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. रुचालाही वाचून दाखवलं. तू खाल्लंस, तुला आवडलं, आता मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही. उद्या गणपती बसतील. त्यांना सांगेन, माझ्या भावजयीला त्रास देऊ नकोस.

बरं वाटलं की दोन ओळी लिही. नाही लिहिल्यास तरी चालेल, माझ्याकडे हे पत्र आहे.

शोभा


शुगर लँड
९ सप्टेंबर २०२५

ताई,

सुनेत्रा अठ्ठावीस तारखेला गेली ते रुचाने तुला सांगितलंच आहे. तिचं सगळं करून आम्ही तीस तारखेला घरी आलो तेव्हा तुझं पत्र पेटीत पडलं होतं. तिच्या नावाचं होतं, मी उघडलं. तू झोपलीस ते वाचलं.

दहा दिवस मी ठरवत होतो, तुला हे लिहावं की नाही. सुनेत्राने सांगितलं होतं, लिहू नकोस. पण मी तिच्याइतका चांगला नाही, आणि हे एकट्याला धरून ठेवणंही जमत नाही.

तिने तो मासा खाल्ला नाही. एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि मग रुमालात काढला. औषधांनी तिची चव केव्हाच गेली होती. गिळणंही मे महिन्यापासून अवघड होतं. आम्हा कुणाला तिने चवीचं सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटत होतं की बाकी कशाची नाही तरी माशाची लागेल. मीठसुद्धा कळत नाही म्हणाली. आणि रडली नाही. वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "तू खा आणि मला सांग कसं झालंय."

मी खाल्लं. सांगितलं, तिखट जरा पुढे आहे, तिरफळाचा वास बेताचा, मासा मवाळ पण मांस घट्ट. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्ये मध्ये विचारत होती, आणि आमटी दाट आहे का, आणि खोबरं नीट वाटलं गेलंय का. तेच तिने तुला लिहिलं. तू ज्या ओळी रुचाला वाचून दाखवल्यास, ती चव माझ्या जिभेची आहे.

तिने डोळे उघडले तेव्हा मी दुसरी तुकडी घेत होतो. माझ्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "प्रल्हाद, काटे काढायला तू कुठे शिकलास?"

ताई, तू लिहिलं होतंस की मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. मी ह्यूस्टनला नोकरीला लागलो त्याच वर्षी कोळंबी खाल्ली. पुढे तीस वर्षं, साइटवर गेलो की किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, सहकाऱ्यांबरोबर, दर आठवड्याला मासे. माझ्याकडून कुणी शब्द घेतला नव्हता. आईने नाही, तू नाही. सुनेत्राला ठाऊक नव्हतं. कळलं तर तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगायचो. घरी यायच्या आधी मीही साबणाने दोनदा हात धुवायचो.

हे सगळं मी तिला तेव्हा सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मग एकदा मला विचारायचं होतंस, तुला खावंसं वाटतं का."

त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. तुला पत्र मात्र लिहिलं, दोन दिवस लागले, आणि माझं त्यात काही येऊ दिलं नाही.

तुला तिने मनापासून माफ केलं, ते खरं आहे, त्यावर संशय घेऊ नकोस. मला तिने माफ केलं की नाही, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. तुझ्यावर रागावून हे पत्र लिहायला बसलो होतो, तो राग कुठे पोचत नाही. शब्द तू घेतलास. पण पंचेचाळीस वर्षं रोज जेवायला तिच्यासमोर मी बसत होतो.

प्रल्हाद